शेतात जुनी बोडी आली, आता काय? नव्या मालकासाठी कागदापासून सांडव्यापर्यंत

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात शेत घेतले किंवा वाटणीत आले की पुष्कळदा त्यासोबत एक बोडी येते. उतारावर आडवी मातीची पाळ घालून अडवलेले पाणी म्हणजे बोडी. आकाराने मोठी असेल तर तिलाच तलाव म्हणतात. खरेदीखतात तिच्या नावाची एक ओळ असते, कधी तेवढीही नसते. नवा मालक भरलेले पाणी बघून खूश होतो. धानाला शेवटचे ओलीत, थोडे मासे, जमलेच तर काठावर एखादी खोली असे बेत सुरू होतात. पाळीकडे कोणी बघत नाही, आणि ही पाळ नक्की कोणाची असे कोणी विचारतही नाही.

मालकी आणि सुरक्षितता हे दोन वेगळे विषय समजू नका. पाळ तुमच्या गटात आणि सांडवा (जादा पाणी बाहेर जायची वाट) शेजाऱ्याच्या गटात असेल, तर सांडवा साफ करायला तुम्हाला शेजाऱ्याचे तोंड बघावे लागते. तो नाही म्हणाला आणि पाळ फुटली, तर लोक तुमच्याच दारात येतात. म्हणून कागदापासून सुरुवात करायची. हातात फावडे घेण्याची वेळ नंतर येते.

आधी हेही समजून घ्या की तपासायला कोणी येणार नाही. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात पंधरा मीटरपेक्षा उंच धरणे येतात. दहा ते पंधरा मीटरमधली धरणे काही अटींवर येतात: लांबी पाचशे मीटर किंवा जास्त, साठा दहा लाख घनमीटर किंवा जास्त, फार मोठा पूर, अवघड पाया वगैरे. तुमची तीन-चार मीटरची पाळ यात कुठेच बसत नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर होणारी शाखा अभियंत्याची पाहणी मोठ्या धरणांसाठी आहे. इथे अभियंताही तुम्हीच आणि चौकीदारही तुम्हीच.

लहान म्हणजे निरुपद्रवी, असे मात्र नाही. पाण्याचा पसारा एक हेक्टर आणि पाळीजवळची खोली तीन मीटर असेल तर साठा साधारण दहा हजार घनमीटर होतो. (क्षेत्रफळ गुणिले खोली, भागिले तीन, हा ढोबळ हिशेब पुरतो.) दहा हजार घनमीटर म्हणजे दहा हजार टन पाणी. एवढे पाणी अर्ध्या तासात खाली उतरले तर बांध्या (धानाचे वाफे), धुरे (शेताचे बांध), विहीर, गोठा काही राहत नाही.

बोडी कोणाची?

या भागातले तलाव एका हाताने झालेले नाहीत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या मंडळींनी ते बांधले, पुढे मालगुजारांनी (सारा गोळा करणाऱ्या गावमालकांनी) सांभाळले आणि वाढवले. नवेगावबांधसारखा मोठा तलाव याच परंपरेतला. मालगुजारी रद्द करणारा १९५० चा मध्यप्रदेशचा कायदा आला तेव्हा विदर्भ त्या राज्यात होता. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले आणि आज आपण त्यांना माजी मालगुजारी तलाव, मामा तलाव म्हणतो. पण त्याच कायद्यात एक अपवाद होता: कोणाच्या कब्जातल्या शेतजमिनीत असलेला तलाव त्याच्याकडेच राहिला. शेतातल्या कित्येक बोड्या खाजगी राहिल्या त्या यामुळे. तुमची बोडी अपवादात बसते की सरकारजमा झालेल्यांत, हे ठरवायला पुढचे कागद लागतात.

सातबाऱ्यापासून सुरू करा, पण पीकपाण्याच्या रकान्यावर थांबू नका. पोटखराब कोणत्या वर्गाचा ते बघा. वर्ग ‘अ’ म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन, आणि ती तुमचीच असते. वर्ग ‘ब’ म्हणजे रस्ता, कालवा, तलाव अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली किंवा गावाच्या पिण्याच्या-वापराच्या पाण्याची जागा. बोडीचे क्षेत्र ‘ब’ मध्ये दाखवले असेल तर नाव तुमचे असूनही वापराचा हक्क गावाचा असतो. तिला तारेचे कुंपण घालायला गेलात की भांडण ठरलेले. ‘इतर अधिकार’ हा रकानाही नीट वाचा, पाणी आळीपाळीने घ्यायचे हक्क आणि वहिवाट तिथेच नोंदलेल्या सापडतात.

त्यानंतर मागे जायचे. तहसीलच्या अभिलेख कक्षातून १९५४-५५ चा अधिकार अभिलेख आणि त्याआधीची बंदोबस्ताची मिसल (सारा ठरवताना केलेली जमिनीची नोंद) मागा. त्यात जुना खसरा (शेताचा) क्रमांक असेल. आजच्या गटाशी तो जुळवून घ्यावा लागतो, कारण चकबंदीत (तुकडे जोडून गट पाडताना) क्रमांक बदलले. मिसलीत त्या खसऱ्यापुढे मालकाचे नाव काय आणि तलाव अशी नोंद आहे का, यावर निम्मे उत्तर मिळते.

निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे दोन कागद विदर्भाबाहेरून आलेल्या माणसाला माहीतच नसतात, आणि नेमके तेच सोडून चालत नाही. गावाला सामायिक जमिनीतून चराई, सरपण, पाणी कसे घ्यायचे ते निस्तारपत्रकात असते. खाजगी जमिनीतल्या पाण्यावर, वाटेवर, मासेमारीवर गावाची कोणती रूढी आहे ते वाजिब-उल-अर्जात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेची कलमे १६१ ते १६७ याच विषयाची. तुमच्या बोडीचे पाणी अमुक बांध्यांना द्यायची रूढी तिथे लिहिलेली असेल, तर ‘माझी बोडी, माझी मर्जी’ चालत नाही. लिहिलेली नसली तरी शेजारी वीस वर्षे उघडपणे, खळ न पडता आणि हक्काने पाणी घेत असेल, तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने तो हक्क मिळवू शकतो. शेतीचे पाणी तोडणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ खाली गुन्हाही ठरू शकतो. त्यामुळे बोडी बुजवून प्लॉट पाडायचे स्वप्न असेल तर ते आजच सोडा.

गावनकाशा बघताना एकच गोष्ट शोधा: पाळ ज्यावर घातली आहे ती नाल्याची रेघ नकाशावर आहे का? असेल तर दोन्ही काठ तुमचे असले तरी नाल्याचे पात्र संहितेच्या कलम २० प्रमाणे सरकारचे. अशी पाळ उंच करायची तर परवानगी लागते. नाला नसेल आणि नुसत्या शेतावरून वाहून येणारे पाणी अडवले असेल तर तुमची बाजू भक्कम.

या पट्ट्यातला आणखी एक फास म्हणजे ‘झुडपी जंगल’. बोडीची वरची बाजू किंवा सांडव्याची वाट अशी नोंद असलेल्या जमिनीतून जात असेल तर तिथे जेसीबी लावू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच असल्याचा निकाल दिला आहे. तिथे खोदकाम करणे म्हणजे वनखात्याला आमंत्रण. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर खरेदी करण्याआधीच वकील गाठा, संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ च्या भानगडी मागाहून सुटत नाहीत.

शेवटी जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे उपविभागात आणि पंचायत समितीत विचारा, की या पाळीवर कधी सरकारी पैसा खर्च झाला आहे का. शंभर हेक्टरपर्यंत ओलीत क्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात. तोंडी उत्तरावर विसंबू नका. दहा रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज टाका, तीस दिवसांत लेखी मिळते. ‘आमच्या यादीत हा तलाव नाही’ एवढे एक वाक्य लेखी मिळाले तरी ते सोन्याच्या मोलाचे असते. कारण मग दुरुस्ती तुमची, निर्णय तुमचा आणि जबाबदारीही निखळ तुमची.

हे कागद जमले की भूमी अभिलेखकडून सरकारी मोजणी करून घ्या. मोजणीदाराला निव्वळ हद्दीच्या खुणा मागू नका. पाळीची दोन्ही टोके, मोरीचे (पाळीतून पाणी सोडायच्या वाटेचे) तोंड, सांडवा आणि सांडव्यातून उतरणारे पाणी कुठल्या गटातून जाते, हे सारे नकाशावर दाखवायला सांगा. वाटणीच्या जमिनीत हमखास असे निघते की पाळ थोरल्याच्या हिश्श्यात, सांडवा धाकट्याच्या आणि पाण्याचा पसारा बहिणीच्या. भावकीत गोडी आहे तोवरच करार करून घ्या: सांडवा कोणी कधी साफ करायचा, माती कुठून घ्यायची, खर्च कसा वाटायचा, पाणी कोणाला किती. हा करार नोंदणीकृत हवा. स्टॅम्पवर नुसता नोटरी केलेला कागद पुढच्या पिढीत कोणी जुमानत नाही. दुसऱ्याच्या जमिनीतून पाट न्यायचा असेल तर संहितेच्या कलम ४९ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. सांडव्याची वाट कोणी नव्याने अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचे कलम ५ आहे, पण तिथे सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. गोडीगुलाबीत सात महिने गेले की ती वाट बंद.

फुटली तर कोणाच्या गळ्यात?

जुन्या मद्रास इलाख्यातला एक खटला आहे. कार्वेटनगरच्या जमीनदाराचे जुने तलाव मोठ्या पुरात फुटले, रेल्वेचे पूल वाहून गेले आणि मद्रास रेल्वे कंपनीने भरपाई मागितली. १८७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (इंग्रज राजवटीतल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने) निकाल जमीनदाराच्या बाजूने दिला. हे तलाव प्राचीन आहेत, लोकांच्या शेतीसाठी आहेत, ते सांभाळणे जमीनदाराला भागच आहे आणि त्याने हयगय केलेली दिसत नाही, असा त्यातला युक्तिवाद. नव्या मालकाने यातला शेवटचा शब्द धरून ठेवावा. तलाव फुटला एवढ्याने जमीनदार सुटला नाही किंवा अडकलाही नाही. हयगय होती की नव्हती, यावर सारे ठरले.

म्हणून एक वही घाला. साधी शंभरपानी. पाहणीची तारीख, पाण्याची पातळी, कुठे ओल दिसली, सांडवा कधी साफ केला, मजुरी किती दिली. दर वेळी त्याच चार जागांवर उभे राहून मोबाइलवर फोटो काढा. उद्या कोणी दावा लावला तर ही वही वकिलापेक्षा जास्त बोलते.

पाळ वाचायला शिका

पहिली पाहणी एप्रिल-मे मध्ये, पाणी सर्वांत कमी असताना. आधी पाळीच्या खालच्या पायथ्यापासून पुढे चालत जा, आणि पाळ फुटली तर पाणी ज्या वाटेने जाईल त्याच वाटेने एक-दोन किलोमीटर जा. वाटेत काय लागते? नुसत्या बांध्या असतील तर एक गोष्ट. घरे, अंगणवाडी, वीटभट्टीवरच्या मजुरांच्या झोपड्या, रस्त्याची मोरी असेल तर दुसरी. माणसे राहत असतील तर माझे मत स्पष्ट आहे: यापुढचे सारे वाचा, पण निर्णय स्थापत्य अभियंत्याकडून लेखी घ्या. आणि तोवर बोडी पूर्ण भरू देऊ नका.

मग पाळीच्या माथ्यावर या. पाळीची उंची म्हणजे तिच्या माथ्यावरच्या सर्वांत बुटक्या जागेची उंची. डोळ्याला माथा सपाट दिसतो, पण गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी घेऊन दर दहा पावलांवर मोजले की कुठे तरी वीतभर, कधी हातभर खोलगा सापडतोच. बहुधा तो बैलबंडी किंवा ट्रॅक्टर पाळ ओलांडतो तिथे असतो. पाणी माथ्यावरून गेले तर पहिले तिथूनच जाईल. मातीच्या पाळीवरून पाणी वाहणे म्हणजे तिचा शेवट. दगडी बंधारा ते सोसतो, माती सोसत नाही.

खोलगा भरायचा तर वरून चार टोपली मुरूम टाकून भागत नाही. गवत आणि मुळ्या खरवडून काढा, जुन्या मातीत पायऱ्या खणा म्हणजे नवी माती सरकणार नाही. मग वीतभर जाडीचे थर टाकून पाणी शिंपडा आणि धुमसाने कुटा. हातात मूठ आवळली की गोळा व्हावा आणि बोटाने दाबल्यावर फुटावा, एवढाच ओलावा हवा. माती कोणती, हे या भागातल्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. निव्वळ कन्हार (काळी चिकण) पाणी धरते, पण उन्हाळ्यात हातभर भेगाळते. निव्वळ बरड (मुरमाड) पाणी धरतच नाही. आत चिकण, वरून मुरमाचे पांघरूण.

भेगांत फरक करा. पाळीच्या लांबीने जाणारी बारीक भेग उन्हाने पडलेली असू शकते. पाळीच्या आडवी, पाण्याकडून शेताकडे जाणारी भेग बोटाएवढी असली तरी तिच्याकडे कानाडोळा नको, कारण ती पाण्याची तयार वाट आहे. भेग संपेपर्यंत खणायचे आणि वर सांगितले तसे थर देऊन भरायचे. खालच्या उताराचा एखादा भाग खाली सरकून पोटासारखा फुगलेला दिसला तर तो घसरायला लागला आहे. तिथे स्वतः कारागिरी करू नका.

बिळे, वारुळे, खेकड्यांची भोके. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि खालच्या वस्तीतली माणसे वाहून गेली. तेव्हाच्या मंत्र्यांनी खेकड्यांवर खापर फोडले आणि राज्यभर टिंगल झाली. खेकडे पाळीत भोके पाडतात हे काही खोटे नाही. पण भोक बुजवायची जबाबदारी खेकड्याची नसते, आणि त्या धरणाच्या गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. भोकाच्या तोंडाशी दगड ठोकून ते बुजत नाही. आतपर्यंत उकरायचे आणि चिकणमाती ठासत बाहेर यायचे. वारूळ वरून टेकडीएवढे दिसते, पण खरी पोकळी खाली असते. तेही खणूनच काढावे लागते.

झाडांचे मात्र जपून. पाळीवर उगवलेली पळस, बाभूळ, शिंदीची रोपे मनगटापेक्षा बारीक असतानाच मुळासकट काढा. बेशरमाची झुडपे तर दर वर्षी. ती खालच्या उतारावर माजली की ओल दिसतच नाही आणि सांडव्यात माजली की पाणी अडते. पण पन्नास वर्षांचे मोठे झाड पाळीवर उभे असेल तर ते घाईने तोडू नका. झाड मेले की मुळे कुजतात आणि प्रत्येक मुळाच्या जागी एक नळी तयार होते. ठेवायचे असेल तर फांद्या हलक्या करून ठेवा. काढायचेच असेल तर बोडी रिकामी असताना, मुळे खणून, तेवढी पाळ नव्याने बांधायच्या तयारीने काढा.

सांडवा

छोट्या पाळी बहुतेक इथेच मरतात, म्हणून या भागावर वेळ घालवा.

सांडव्याला किती पाणी पेलावे लागेल ते काढा. बोडीकडे उतरणारे क्षेत्र हेक्टरमध्ये, तासाचा पाऊस मिलिमीटरमध्ये आणि जमिनीवरून वाहून येणारा हिस्सा यांचा गुणाकार, भागिले ३६०. समजा क्षेत्र ४० हेक्टर, जोराचा पाऊस तासाला ८० मिमी, निम्मे पाणी वाहून येते. उत्तर सेकंदाला सुमारे साडेचार घनमीटर. आता सांडव्यावरून अर्धा मीटर जाडीचा प्रवाह जाऊ द्यायचा ठरवले, तर दर मीटर रुंदीतून साधारण ०.६ घनमीटर जाते. म्हणजे सांडवा निदान साडेसात मीटर रुंद हवा. आणि त्या अर्ध्या मीटरच्या वर पाळीचा माथा आणखी अर्धा मीटर तरी कोरडा राहिला पाहिजे.

समजा तुमचा सांडवा आठ मीटर रुंद आहे आणि त्याच्या तळापासून पाळीचा माथा एक मीटर वर आहे. अगदी माथ्यापर्यंत पाणी चढले तर त्यातून सेकंदाला साडेतेरा घनमीटर जाऊ शकते. आता भादव्यात पाणी जास्त राहावे म्हणून कोणी सांडव्यात मातीची पोती टाकून एक फूट अडवले. उरले सत्तर सेंटिमीटर. क्षमता? आठ. फूटभर पोत्यांनी चाळीस टक्के ताकद गेली. प्रवाहाची जाडी कमी झाली की पाणी तिच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून बरेच जास्त कमी होते. नवा मालक पहिल्याच वर्षी हमखास जे करतो ते हेच, आणि शेजारी त्याला ‘हुशार’ म्हणतात.

पोत्यांइतकीच घातक असते माशांची जाळी. बोडी ढिवर मंडळींना किंवा मासेमारी संस्थेला ठेक्याने दिली की मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर बांबूची ताटी किंवा नायलॉनची जाळी येते. त्यांचे पोट त्यावर आहे, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण पहिल्याच पुरात त्या जाळीत पाने, काटक्या, धसकटे अडकतात आणि तासाभरात जाळीची भिंत होते. ठेक्याच्या कागदात लिहून घ्या: जाळी सांडव्याच्या तोंडात नाही, त्याच्या अलीकडे पाण्यात अर्धगोल लावायची, म्हणजे वाट रुंद मिळते. रोज साफ करायची. पाणी सांडव्यावर वीतभर चढले की ती न विचारता उचलायची, आणि त्यात मासे गेले तर त्या वर्षीच्या ठेक्यात इतकी सूट. ही सूट आधीच ठरलेली असली की रात्री दोन वाजता कोणी जाळी उचलायला कां-कूं करत नाही.

सांडवा कुठे आहे तेही बघा. तो पाळीच्या टोकाला, मूळच्या कठीण जमिनीत हवा. पाळीच्या भरावातच कोणी खाच पाडून सांडवा केला असेल तर तो सांडवा नाही, फुटायची जागा आहे. सांडव्यातून उतरलेले पाणी वळून पाळीच्या पायथ्याला घासत असेल तर दगड लावून त्याला दूर न्या.

मोरी आणि नळ

मातीच्या पाळीतून आडवा जाणारा कोणताही नळ संशयित समजा. पाणी नळाच्या आतून कमी आणि बाहेरच्या बाजूने, माती आणि नळ यांच्या फटीतून जास्त त्रास देते. १२ जुलै १९६१ ला पानशेत गेले तेव्हाही विमोचकाचे (धरणातून पाणी सोडायच्या मोरीचे) काम अपुरे असताना पाणी साठले होते आणि त्या वाटेवरची माती खचत गेली होती. जुनी मोरी गळत असेल तर आत प्लास्टिकचा पाइप घुसवून तात्पुरते समाधान करून घेऊ नका.

नव्याने पाणी काढायचे असेल तर पाळ खणूच नका. पाळीवरून वक्रनळी टाका. पाइपचे एक तोंड पाण्यात, दुसरे पाळीपलीकडे पाण्याच्या पातळीपेक्षा खाली. दोन्ही तोंडांना कॉक लावा, सर्वांत उंच जागी पाणी भरायला टी-जोड ठेवा. दोन्ही कॉक बंद करून पाइप काठोकाठ भरा, टोपण हवाबंद करा, मग दोन्ही कॉक उघडा. इंजिनशिवाय पाणी चालू राहते. तीन-चार इंची पाइपने छोट्या बोडीचे काम भागते आणि पाळीला भोक पडत नाही.

रिकामी करताना घाई नको. दिवसाला फूटभराच्या वर पातळी उतरवू नका. पाणी झपाट्याने खाली गेले की आतल्या उताराची भिजलेली माती आधार सुटून घसरते.

गाळ काढणे चांगले. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ सारख्या योजनेत तो शेतात टाकायला मदतही मिळते, फक्त वरच्या मालकीच्या प्रश्नांचे उत्तर आधी लागते. जेसीबीवाल्याला पाळीजवळ मात्र येऊ देऊ नका, तो सर्वांत सोपी माती उचलतो आणि ती पाळीच्या पायथ्याशीच असते. तिथला जुना गाळ पाणी मुरू देत नाही, तो पाळीचे अस्तर आहे. पाळीच्या उंचीच्या निदान तिप्पट अंतर सोडून चुन्याची रेघ मारा आणि रेघेच्या आत बकेट घातली तर पैसे नाही, असे आधीच सांगा.

भरलेल्या बोडीवर

मृग लागण्याआधी पाण्यात एक दगड किंवा खांब रोवून त्यावर दर दहा सेंटिमीटरला रंगाचे पट्टे ओढा. सांडव्याचा तळ लाल. पावसाळ्यात आठवड्याला एक फेरी, आणि मोठ्या पावसाच्या रात्रीनंतर पहाटे एक. फेरी खालच्या पायथ्याने मारा, माथ्यावरून नाही. आजार खाली दिसतो.

पायथ्याला ओल असणे हे जुन्या पाळीला नवीन नाही. झिरपणारे पाणी काचेच्या ग्लासात धरा आणि दहा मिनिटे ठेवा. स्वच्छ असेल आणि दर आठवड्याला तेवढेच असेल तर वहीत लिहा, लक्ष ठेवा. गढूळ असेल, तळाला माती बसत असेल किंवा दिवसागणिक वाढत असेल तर पाळ आतून खणली जात आहे. जमिनीतून पाणी उकळल्यासारखे वर येऊन भोवती मातीचे कडे जमत असेल तर तेच.

तेव्हा हाताला पहिली गोष्ट सुचते ती त्या तोंडात माती कोंबायची. नेमके तेच करायचे नाही. पाणी दुसरीकडून, जास्त जोराने निघते. त्या जागेवर आधी जाड रेती, तिच्यावर बारीक गिट्टी, तिच्यावर दगड. पाणी येऊ द्यायचे, माती अडवायची. ही तिन्ही सामग्री एकेक ट्रॉली पाळीजवळ मे महिन्यातच टाकून ठेवा, पावसात ट्रॅक्टर तिथे पोहोचत नाही. आतल्या बाजूला पाण्यात भोवरा दिसला तर तणसाचे भारे, ताडपत्री, पोती तिथे टाका. आत बुजवायचे, बाहेर गाळायचे. त्याच वेळी वक्रनळी आणि मोरी दोन्ही सुरू करून पातळी उतरवायला लागा, या वेळी फूटभराचा नियम बाजूला ठेवा.

पाणी माथ्याकडे चढत असेल तर सांडव्यातली जाळी, पोती, कचरा आधी काढा. माणसे पाण्याच्या धारेत उतरवू नका, काठावरून आकड्याने ओढा. खोलग्यावर पोत्यांची रांग लावा. पाणी काढायला पाळ फोडायची वेळ आलीच तर मध्ये कधीही नाही. सांडव्याच्या पलीकडे, मूळच्या कठीण जमिनीत चर काढा. आणि तेही खालची वस्ती हलल्यावर.

फोन आधी, फावडे नंतर. पोलीस पाटील, सरपंच, ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचा तलाठी) आणि खालच्या वस्तीतली दोन घरे यांचे क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर हवेत. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि तातडीचा ११२ हे दोन तर पाठच करा. ‘बघू, सकाळी सांगू’ करू नका. खोटा गजर झाला तर लोक दोन दिवस हसतील, तेवढे सोसा.

पाणी उतरले की दुसऱ्याच दिवशी, दुरुस्तीला हात लावण्याआधी, महसूल अधिकाऱ्याला लेखी कळवून पंचनामा मागा आणि सांडवा, पाळ, खालच्या बांध्या यांचे फोटो घ्या. शेजाऱ्याचे नुकसान झाले असेल तर त्याचाही पंचनामा तुमच्याच अर्जात मागा. अर्जाची पोच घ्या आणि वहीत चिकटवा.